फायरवॉल बंद करायच्या आधी बघा, सर्व्हर ऐकतोय कुठं?

कोल्हापुरात उद्यमनगर, शिरोलीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. 'नवीन सर्व्हर सॉफ्टवेअर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडत नाही? फायरवॉल बंद करा. पिंग जात असेल तर नेटवर्क ठीक, सॉफ्टवेअर खराब. तरीही नाही झालं तर राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करा.' तिन्ही सल्ले चुकीचे, पण पहिला सगळ्यात महागात पडणारा. (फायरवॉल म्हणजे नको त्या जोडण्या अडवणारा पहारेकरी, पोर्ट म्हणजे मशीनवरच्या सॉफ्टवेअरच्या दाराचा नंबर, पिंग म्हणजे दुसऱ्या मशीनला मारलेली हाक.)

समजा मार्केट यार्डातल्या अडत दुकानात मागच्या खोलीत उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) पोस्टग्रेस हे डेटाबेस सॉफ्टवेअर बसवलंय आणि पुढच्या कॉम्प्युटरवर गुळाच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाची बिलं) करायच्या आहेत. पोस्टग्रेस सुरुवातीला फक्त १२७.०.०.१ वर ऐकतं, म्हणजे जोडणीची वाट स्वतःच्याच मशीनपुरती बघतं. फायरवॉल उडवून लावली तरी पुढच्या कॉम्प्युटरला ते सापडणार नाही. सर्व्हरवर 'एसएस' कमांड चालवा (विंडोज असेल तर 'नेटस्टॅट'). ५४३२ (हे पोस्टग्रेसचं पोर्ट) च्या आधी १२७.०.०.१ दिसलं, तर सेटिंगमध्ये ऐकायचा पत्ता बदला, दुकानातल्या नेटवर्कला परवानगी द्या आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा. रीस्टार्ट विसरतात आणि मग सेटिंगला शिव्या घालतात!

तिथं ०.०.०.० (म्हणजे मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर ऐकतंय) दिसत असेल, तर मग फायरवॉलवर संशय घ्या. तेव्हाही ती बंद करायची नाही, तेवढं एक पोर्ट आतल्या नेटवर्कसाठी उघडायचं. विंडोजवर आणखी एक गोम असते: नियम 'प्रायव्हेट' (भरवशाच्या) नेटवर्कसाठी केलेला आणि नेटवर्क 'पब्लिक' (परक्या) म्हणून लागलेलं. एवढ्यावरून दिवस जातो. फायरवॉल काढली तर काय होतं, हे मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसनं दाखवलंय. एका मशीनवरून दुसऱ्यावर तो विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या ४४५ पोर्टातूनच पसरत गेला.

पिंगचं म्हणाल, तर पिंगला पोर्टच नसतं. मशीन जिवंत आहे एवढंच ते सांगतं, आणि कित्येक विंडोज मशीन पिंगला उत्तर देत नाहीत, तरी त्यांच्यावरचं सॉफ्टवेअर झकास चालतं. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) 'टेस्ट-नेटकनेक्शन'ला पोर्ट नंबर देऊन विचारा, खरं उत्तर मिळेल.

राहिलं पोर्ट फॉरवर्डिंग. ते बाहेरून, इंटरनेटवरून आत येणाऱ्यांसाठी. एकाच स्विचवरच्या दोन कॉम्प्युटरांचा त्याच्याशी काही संबंध नाही. त्यात राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या पट्ट्यात असेल, तर इंटरनेट कंपनीनं एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलाय. फॉरवर्ड करूनही बाहेरून कुणी पोचत नाही. आणि पोचलंच, तर अख्ख्या जगाला तुमच्या खातेवहीचं दार दिसणार. घरून हिशेब बघायचाच असेल तर व्हीपीएन (इंटरनेटवरून दुकानाच्या नेटवर्कपर्यंतचा बंदिस्त रस्ता) लावून घ्या.