पुन्हा तोच पार्सर!
जावात छोटंसं टूल लिहायला घ्यावं, तर अर्धा दिवस कमांड लाइन, म्हणजे प्रोग्राम चालवताना त्याच्या नावापुढे टाइप केलेलं सगळं, उलगडण्यातच जातो! मेनच्या, म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या मेथडच्या, हातात नुसती स्ट्रिंगची, म्हणजे मजकुराच्या तुकड्यांची, अ‍ॅरे. पर्याय कुठला, त्याची व्हॅल्यू कुठली, आकडा की फाइलचं नाव, सगळं आपणच निवडत बसायचं. पायथनसोबत ही उकल करणारा पार्सर, आर्गपार्स, येतो. जेडीके, म्हणजे जावाचा टूलसंच, १९९६ पासून आहे, तरी पार्सर हवा तर पिकोसीएलआय किंवा कॉमन्स सीएलआय अशी लायब्ररी बाहेरून आणा.

आणि ते डॅश-डी (-D), जावाला सेटिंग द्यायचा पर्याय! जारच्या, म्हणजे प्रोग्रामच्या फाइलच्या, नावाआधी दिलं तर सिस्टिम प्रॉपर्टी, म्हणजे प्रोग्रामला वाचता येणारी सेटिंग, नंतर दिलं तर मुकाट्याने आर्ग्युमेंट्समध्ये जाऊन पडतं. ना एरर, ना वॉर्निंग. प्रॉपर्टी वाचायला जावं तर हाती नल, म्हणजे काहीच नाही. काल पुन्हा दोन तास त्यातच गेले. किमान एक ओळ छापा की रे!