‘जन गण मन’ सगळ्यांचं नाही म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

26 जानेवारी किंवा 15 ऑगस्ट जवळ आला की हा मेसेज ग्रुपवर येतोच: ‘जन गण मन’ हे इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज याचं स्तुतिगीत आहे, त्यात फक्त इंग्रजांचे प्रांत आहेत, संस्थानं नाहीत, पाकिस्तानात गेलेला सिंध आहे, पण ईशान्य भारत नाही. सबब, हे गीत सगळ्या भारतीयांचं नाही.

जॉर्जचं आधी उरकून टाकू. 27 डिसेंबर 1911 ला काँग्रेसच्या कलकत्ता अधिवेशनात हे गीत म्हटलं गेलं. त्याच दिवशी राजाच्या स्वागताचं वेगळं हिंदी गीतही झालं आणि इंग्रजी वर्तमानपत्रांनी दोन्हींचा घोळ घातला. गीतातला ‘भाग्यविधाता’, युगायुगांचा हा सारथी, कुठलाच जॉर्ज असू शकत नाही, असं रवींद्रनाथांनीच 1937 मध्ये पत्रात लिहिलंय. चौथ्या कडव्यात तर त्यालाच ‘स्नेहमयी माता’ म्हटलंय. पंचम जॉर्जला माता कोण म्हणेल हो?

प्रांतांचा मुद्दा मात्र वरवर बिनतोड वाटतो. मग 1911 च्या नकाशात ‘मराठा’ नावाचा प्रांत दाखवा! मराठी माणूस तेव्हा मुंबई इलाख्यात होता, मध्य प्रांत-वऱ्हाडात होता, कोल्हापूरसारख्या संस्थानांत होता आणि निजामाच्या मराठवाड्यातही होता. उत्कल, म्हणजे ओडिशा, तेव्हा बंगाल प्रांतात होता. गुजरातचा मोठा भाग तर काठियावाड-बडोद्यासारख्या संस्थानांचाच. ‘द्राविड’ म्हटल्यावर म्हैसूर, त्रावणकोर बाहेर कसे राहतील? इंग्रजांच्या दप्तरात ही यादी सापडायची नाही.

सिंध वगळा म्हणणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये फेटाळली. पण कोर्टापर्यंत तरी कशाला जायचं? कल्याणच्या पुढच्याच स्टेशनापाशी उल्हासनगर आहे. फाळणीनंतर लष्कराच्या जुन्या छावणीत आलेल्या सिंध्यांनी ते उभं केलं. सिंधी भाषा 1967 पासून राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यताप्राप्त भाषांच्या यादीत आहे. गीतातून सिंध काढलात, तर या नागरिकांना काय सांगाल?

ईशान्येची खंत खरी आहे. 2018 मध्ये आसामचे खासदार रिपुन बोरा यांनी राज्यसभेत तसा ठरावही मांडला होता. पण नावानिशी हजेरी घ्यायची म्हटलं, तर बिहार, राजस्थान, काश्मीरही हात वर करतील. दक्षिण आफ्रिकेने 1997 मध्ये पाच भाषांचं राष्ट्रगीत केलं. तेव्हा अधिकृत भाषा होत्या 11! म्हणजे तिथेही सगळ्या मावल्या नाहीतच.

आणि नावंच हवी असतील, तर दुसऱ्या कडव्यात हिंदू, बौद्ध, शीख, जैन, पारशी, मुसलमान, ख्रिस्ती सगळे आहेत. राष्ट्रगीत म्हणून घेतलं ते फक्त पहिलं कडवं. तक्रार करायचीच तर ती या निवडीबद्दल करा.