शेवटचं पान

हातातली कादंबरी पुरी करायची की सोडायची, हा माणसाचा खासगी प्रश्न असतो अशी माझी समजूत होती. परवा डेक्कन क्वीनमध्ये शेजारच्या सीटवरच्या गृहस्थांनी तो खंडाळ्याच्या बोगद्यात परस्पर निकालात काढला.

पुस्तक हान कांग यांचं ‘द व्हेजिटेरियन’. मूळ कोरियन, २००७ सालचं. डेबोरा स्मिथ यांच्या इंग्रजी अनुवादाला २०१६ चं आंतरराष्ट्रीय बुकर, आणि २०२४ मध्ये लेखिकेला थेट नोबेल. म्हणजे ‘मला नाही झेपलं’ म्हणायची सोयच ठेवलेली नाही. बरं, पुस्तक जाडजूड असतं तर वेळ नाही म्हणून सुटता आलं असतं. हे दोनशे पानांचंही नाही. योंग-हे नावाची एक साधी बाई स्वप्न पडल्यावर मांस खाणं सोडते आणि सगळं घर तिच्यावर तुटून पडतं. पहिला भाग मी वाचला. दुसऱ्यात बहिणीचा नवरा तिच्या अंगावर फुलं रंगवतो, तोही कसाबसा संपवला. तिसऱ्यात ती इस्पितळात आहे, तिला झाड व्हायचंय, अन्न नकोय. तिथे मी अडले होते.

“व्हेजिटेरियन का?” शेजारून आवाज आला.

“पुस्तक आहे,” मी म्हटलं.

“ते दिसतंय हो. मी तुमचं विचारतोय.”

त्यांच्यापुढे डायनिंग कारमधून आलेलं ऑम्लेट आणि ब्रेड-बटर होतं. माझी नजर तिकडे गेली हे त्यांना दिसलं असावं, कारण त्यांनी लगेच खुलासा केला. “आज बुधवार आहे म्हणून. नाहीतर सोमवारी नाही, मंगळवारी नाही, गुरुवार-शनिवार नाहीच नाही. शुक्रवारी मिसेसचा उपवास, म्हणजे घरात नाही. बाहेर चालतं.”

“आणि संकष्टी बुधवारी आली तर?” हे मी का विचारलं, देव जाणे.

“तो बुधवार रविवारी भरून काढायचा. श्रावण मात्र कडक हं. केकसुद्धा बिनअंड्याचा.” मग जरा पुढे झुकून, “गटारीला सोय करून ठेवतो.” त्यांनी पुस्तकाकडे काटा रोखला. “ही बाई कोणत्या वारी सोडते?”

“सगळ्याच.”

“कायमचं? गुरू केला?”

“नाही. स्वप्न पडलं.”

“दृष्टांत!” काटा खाली ठेवला गेला. “आमच्या साडूंना अस्साच झाला. पहाटेचा. त्या दिवसापासून मटणाला स्पर्श नाही. फक्त मासे. मग हिच्या घरच्यांची अडचण काय?”

मी सांगितलं. चार माणसांत बाप थोबाडीत मारतो, नवऱ्याला आणि भावाला तिचे हात धरायला लावतो, आणि डुकराच्या मांसाचा तुकडा तिच्या तोंडात कोंबतो. ती फळं कापायची सुरी उचलते आणि मनगटावर चालवते. गृहस्थ गंभीर झाले. मला वाटलं, लागलं कुठेतरी.

“आग्रह हो,” ते म्हणाले. “बाप आहे शेवटी. पोरीनं खावं असं वाटणारच.”

आता खरं सांगते, त्या पानावर माझा श्वास अडकला होता तो नेमका याच्यामुळे. सोलमधलं ते जेवणाचं टेबल मला परकं वाटलंच नाही. आमच्या मामाच्या लग्नात, पोट भरलं म्हणून ताटावर आडवा हात धरलेल्या एका काकूंना दोघींनी मागून धरून जिलबी भरवली होती. पंगत हसत होती. काकूही हसत होत्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्याचा फोटो अजून अल्बममध्ये आहे, आणि दर दिवाळीला कुणीतरी तो काढून दाखवतंच. आणि जिलबीवर थांबतं कुठे? बाईनं लग्न नको म्हणावं, दुसरं मूल नको म्हणावं, हळदीकुंकवाला येत नाही म्हणावं. घराची लगेच बैठक बसते आणि हात धरायला माणसं नेमली जातात. पुरुषानं साखर सोडली की तो निग्रही.

हे सगळं मी त्यांना बोलून दाखवणार होते. तेवढ्यात त्यांनी “बघू” म्हणून पुस्तक घेतलंसुद्धा.

“मी कुठलंही पुस्तक आधी शेवटून बघतो. शेवट बरा असला तरच सुरुवात करायची.” चष्मा कपाळावर, अंगठ्याला लोणी. त्यांनी शेवटचं पान उघडलं. बोगदा आला. बोगदा गेला. ओठ हलत होते. पुन्हा बोगदा.

“ॲम्ब्युलन्स आहे,” त्यांनी जाहीर केलं. “बहीण आहे सोबत. ती झाडांकडे बघतेय.” पान उलटून मागे काही आहे का, तेही पाहिलं. “हॅ! काहीच झालं नाही. नका वाचू, ताई. उगाच त्रास.”

दादरला उतरताना म्हणाले, “वाचायचंच असेल तर गुरुवारी उघडा. वार चांगला असतो.”

आता माझी पंचाईत अशी, की पुस्तक सोडलं तर या गृहस्थांचं ऐकल्यासारखं होतं, आणि वाचलं तर त्या झाडांशी मी त्यांच्या अंगठ्यामागून पोहोचणार.

मुळात राग त्यांच्यावर कमी आणि आमच्या वाचनगटातल्या मैत्रिणीवर जास्त आहे. पुस्तक तिचं. देताना म्हणाली होती, “दोन रात्री झोप नाही लागली गं. तू वाचच!” एखाद्या खानावळीत जेवून आडवा झालेला माणूस मित्राला तिथे पाठवतो का? पुस्तकांच्या बाबतीत मात्र हेच शिफारसपत्र. किती सोसलं यावर वाचकाची इयत्ता ठरते, आणि ‘मी मध्येच थांबले’ म्हणणारी बाई कच्ची. शिवाय तिच्या प्रतीतली तिसऱ्या भागाची पानं अगदी करकरीत होती. मी फोनवर त्या भागाबद्दल विचारलं, तर “हो, तोही सुंदरच आहे” म्हणून तिनं कुकरच्या शिट्टीचं निमित्त केलं.

काल पुस्तक परत द्यायला गेले. तिनं चाळलं, आणि मागच्या पानावर थबकली.

“अगं, हा डाग कसला? लोणी?”

“असेल.”

“म्हणजे खात-खात शेवटपर्यंत वाचलंस! काय पोट आहे तुझं! मग पुढच्या बैठकीत तूच बोल यावर.”

आणि पुस्तक तिनं पुन्हा माझ्याच पिशवीत घातलं.