ऑक्सिजन चार टक्के

माझ्या विज्ञान कादंबरीची छापील आवृत्ती निघाली आहे, हे मला गेल्या रविवारी आमच्या लेआउटच्या बागेत कळलं. मी ती काढलेली नाही. कुठल्या प्रकाशकानंही नाही. माझी कादंबरी ई-पुस्तक आहे, निव्वळ ई-पुस्तक. आणि तरी बाकावरचे काकाजी हातात एक स्पायरल बाइंडिंगचं बाड घेऊन उभे राहिले. वर पारदर्शक प्लॅस्टिक, खाली निळा पुठ्ठा, मधोमध माझं मुखपृष्ठ, तेही रंगीत.

"सही द्या ताई," काकाजी म्हणाले. "आपल्या ग्रुपमधी सात जणांनी वाचली."

आधीची हकिगत पटकन सांगून टाकते. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. कादंबरी इसवी सन २१९० मधली आहे. नागपूर इतकं तापलंय की माणसं मनसरकडच्या जुन्या मॅंगनीज खाणींत जाऊन राहिली आहेत. एका प्रकाशकांना हस्तलिखित दाखवलं, तर ते म्हणाले, "विज्ञानाचं चालत नाही, पाककृतींचं काही आहे का?" मग मीच ॲमेझॉनच्या किंडलवर ई-पुस्तक म्हणून टाकली. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना प्रत्येक 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' झालं आणि ऱ्हस्व वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसल्या. त्या एकेक करून जागेवर आणण्यात माझी दिवाळीची सुट्टी गेली. असो.

तापमानाचंही सांगायला हवं. जमिनीवर मी ५५ अंश घातले होते. नवरा म्हणाला, अति होतंय. मग मे २०२४ मध्ये रामदासपेठेतल्या, कृषी विद्यापीठाच्या जागेवरच्या स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले. दीडशे वर्षांपुढचं माझं नागपूर चालू मे महिन्यापेक्षा थंड निघालं! रात्री बसून मी ५५चे ६२ केले. ई-पुस्तकात तेवढी सोय असते. तोवर हवामान खात्यानं जाहीर केलं की सेन्सर बिघडलेला होता. ६२ मी तसेच ठेवलेत. नागपुरात राहून उन्हाचा आकडा खाली आणणं बरं दिसत नाही.

तर, काकाजी.

काकाजी सरकारी नोकरीतून निवृत्त. सकाळी बागेला पाच फेऱ्या, मग तर्री-पोहे, मग जगाचा आढावा. त्यांचा पहिला प्रश्न होता, "विज्ञानाचा भाग मिस्टर लिहून देत असतील ना?" माझे मिस्टर कॉमर्सचे आहेत. आमच्या मायक्रोवेव्हवर लग्नाच्या वाढदिवसापासून बारा वाजलेले आहेत, कारण ते घड्याळ लावायचं काम त्यांनी अंगावर घेतलंय. जयंत नारळीकरांनी पहिली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'नारायण विनायक जगताप' या नावानं पाठवली होती, म्हणजे परीक्षकांवर खऱ्या नावाचं दडपण नको. मला ती तसदी नाही. माझं खरं नाव मुखपृष्ठावर ठळक छापलेलं असूनही लोक लेखक कोण म्हणून विचारतात.

"ही प्रत आली कुठून?" मी विचारलं.

"नातवानं काढली," काकाजी अभिमानानं म्हणाले. "त्याच्याकडे ते महिन्याचं फुकट असते ना, त्यात तुमचं पुस्तक आहे. त्यानं एकेका पानाचा स्क्रीनशॉट मारला, मी झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट मारल्या. एका रात्रीत सगळं पुस्तक काढलं पोरानं! दहावीत आहे."

इथे माझ्या पोटात खड्डा पडला. किंडलचं महिन्याचं सदस्यत्व घेऊन वाचणाऱ्यांनी किती पानं उलटली, त्यावर लेखकाला पैसे मिळतात. रोज सकाळी चहाआधी मी त्या पानांचा आलेख उघडते. बहुतेक दिवशी तो आडवा झोपलेला असतो. मागच्या महिन्यात एके दिवशी मात्र त्यात खांब उभा राहिला. पुस्तकाची जितकी पानं, नेमका तितकाच आकडा. कुणीतरी माझी कादंबरी एका बैठकीत वाचून काढली होती! मी नवऱ्याला उठवलं. तो संत्रा बर्फी घेऊन आला. त्या अनोळखी वाचकाचा चेहरा मी कितीतरी दिवस मनाशी रंगवत होते. जागरणानं लाल झालेले डोळे, शेवटच्या पानावर थबकलेला अंगठा. अंगठा होता खरा. दहावीतल्या पोराचा, स्क्रीनशॉट मारणारा.

"खर्च किती आला?" माझा आवाज जरा चढला असावा.

"सहाशे चाळीस. मुखपृष्ठाचे वीस वेगळे."

"काकाजी, पुस्तक एकोणपन्नास रुपयांना आहे."

"असंन ना. पण ते मोबाइलमधी," काकाजींनी समजूत घातली. "हे पुस्तक आहे."

यावर काय बोलणार? एकोणपन्नासमधला माझा वाटा ३५ टक्के, म्हणजे सतरा रुपये आणि वर थोडे पैसे. सत्तर टक्केही मिळतात, पण त्यासाठी किंमत वाढवावी लागते, आणि किंमत वाढवली की हीच मंडळी म्हणतात, कागद नाही, शाई नाही, मग इतके कशाचे? कागद-शाईचे सहाशे चाळीस झेरॉक्सवाल्याला बिनतक्रार मिळाले, वर त्यानं सुट्या पैशांऐवजी दोन चॉकलेटं गळ्यात मारली तीही यांनी घेतली. सरकारचंही मत फार वेगळं नाही. २०१८ साली ठरलं की छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकाला ५ टक्के जीएसटी, नसलेल्याला १८. आता काकाजींनी छापील आवृत्ती काढलीच आहे, तर मी पाचात बसते का, ते एकदा सीएला विचारणार आहे.

"हे कायद्यात बसत नाही," मी म्हणाले.

"बसते ना. २०१६ साली दिल्ली हायकोर्टानं झेरॉक्सवाल्याच्या बाजूनं निकाल दिला."

"तो विद्यार्थ्यांच्या अभ्यासाच्या पानांपुरता होता."

"आम्ही का विद्यार्थी नाही?" काकाजींनी बाकावरच्या मंडळींकडे हात केला. सगळे सत्तरीचे विद्यार्थी गंभीरपणे मान हलवायला लागले. "आणि लेखक गेल्यावर साठ वर्षांनी पुस्तक फुकटच होते, नाही का जी? तुम्ही शंभर वर्षं जगा ताई, पण आमचं वय पाहता आम्हाला थांबणं परवडत नाही."

मी पेन काढलं. सही करून घरी जायचं आणि त्या आलेखाकडे आठवडाभर पाहायचं नाही, एवढंच मनात होतं. पण बाकावरच्या मुख्याध्यापिका बाईंनी माझा हात धरला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"आईचं फार सुंदर लिहिलंस गं," त्या म्हणाल्या.

माझ्या नायिकेची आई पहिल्याच प्रकरणात उष्माघातानं जाते. दोन परिच्छेदांत. त्यात इतकं सुंदर काही असल्याचं मला आठवेना.

"म्हणजे?"

"ती गेल्यावरही मधूनमधून बोलते ना. मी तर चष्मा काढून ठेवला."

काकाजींनी बाड उघडून मला पान दाखवलं. माझा परिच्छेद होता: नायिका खाणीच्या तोंडाशी उभी आहे, वर जावं की नाही कळत नाहीये. आणि त्या परिच्छेदाच्या डोक्यावर, पांढऱ्या गोलसर पट्टीत, ठळक अक्षरांत:

आई: वर ये. गार झालंय.

नातू तळमजल्यावर काकाजींच्या खोलीत बसून स्क्रीनशॉट मारत होता. आई वरच्या मजल्यावर, वाढून बसलेली. तिनं मेसेज टाकला.

मी पानं उलटत गेले. 'आई: ऐकू येत नाही का?' हे, नायिका पोकळ बोगद्यात हाका मारते त्या पानावर. 'आई: बाबा पण वाट बघताहेत.' नायिकेचा बाप चौथ्या प्रकरणात गेलाय. इथे म्हणे मुख्याध्यापिका बाईंनी वाचन थांबवून देवापुढे दिवा लावला. 'आई: दळण?' याचा अर्थ मात्र कुणाला लागला नव्हता. एका काकांच्या मते ते कालचक्राचं प्रतीक होतं.

मी सांगायला तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण सगळे इतक्या कौतुकानं पाहत होते, आणि इतक्या कौतुकानं माझ्याकडे आजवर कुणी पाहिलेलं नाही.

"जमीन गार झालीय हे मी गणितानं सिद्ध केलंय," मी क्षीणपणे म्हणाले. "सव्विसाव्या प्रकरणात. स्टेफान-बोल्ट्झमनचा नियम आहे. तापमानाच्या चौथ्या घातानं उष्णता बाहेर पडते, त्यावरून नायिका हिशोब करते..."

"ते पान आम्ही सोडलं," काकाजी म्हणाले. "गरजच काय? आईनं सांगितलंच होतं."

तीन पानं आहेत ती. उन्हाळ्याची एक अख्खी सुट्टी मी त्यांच्यावर घालवली. कॉलेजातल्या एका सहकाऱ्याकडून तपासून घेतली. मराठीत शुद्ध विज्ञान असलेलं ललित लिहायचं म्हणून ढोर मेहनत केली. आणि मग कुणाच्या तरी जेवणाच्या ताटानं तो प्रश्न चार शब्दांत सोडवला.

"आणि तो ऑक्सिजन!" शेजारचे काका म्हणाले.

कादंबरीत ऑक्सिजनची टंचाई नाही. कुठेही नाही.

"वर कोपऱ्यात टक्के दिलेत ना तुम्ही. पहिल्या पानावर ६१. मग ५८. मग ५०. पानामागं कमी कमी होऊन राहिले. आमचा जीव नुसता घुसमटून गेला! पार ४ टक्क्यांवर आणलं तुम्ही, आणि लगेच पुढच्या पानावर १००! काय कलाटणी आहे बाप्पा!"

चौदाव्या प्रकरणाच्या सुरुवातीला नातवानं मोबाइल चार्जिंगला लावून झोप काढली होती.

"हवेसाठी मी दोन उभे शाफ्ट आणि पंखे दिलेत," मी म्हणाले. "पान पंचवीस."

"तेच तर! पंखे असूनही हवा कमी होते. टेंडरमधी खाल्ले पैसे. तुम्ही उघड लिहिलं नाही, पण आम्ही समजलो. उभी नोकरी सरकारी केली ताई."

त्यांची खरी तक्रार वेगळीच होती, आणि ती त्यांनी पोहे येईपर्यंत राखून ठेवली होती. २१९० मध्ये वेगळा विदर्भ झाला की नाही, हे मी लिहिलेलं नाही. १९५६ पर्यंत आपलं शहर राजधानी होतं, १९५३च्या नागपूर कराराचं पुढं काय झालं, आणि खाणीत गेल्यावर हिवाळी अधिवेशन कुठल्या बोगद्यात भरतं, हे वाचकाला कळायला नको? वाचकाला अधांतरी ठेवणं बरोबर नाही. मी म्हटलं, विषय संवेदनशील आहे. काकाजी म्हणाले, "रोबोट दाखवायला घाबरल्या नाही, अन् हे दाखवायला घाबरता?"

पोह्यांचे पैसे काकाजींनी दिले. एका प्लेटमध्ये माझा दोन-तीन ई-पुस्तकांचा वाटा निघाला असता. ते मी बोलून दाखवलं. सगळे दिलखुलास हसले. मी विनोद केलेला नव्हता. चित्रकाराला कुणी म्हणत नाही की चित्राचा फोटो काढून घरी फ्रेम केलाय, खाली सही मारा. की म्हणतात? म्हणतही असतील. वर्षभर रात्री जागून, डोळ्यांची वाट लावून लिहायचं, वेलांट्या उचलत बसायचं, आणि शेवटी ज्याच्याकडे मशीन आहे त्याला सहाशे चाळीस. हे मी हसत हसत सांगतेय खरी, पण बागेतून घरी येईपर्यंत मला काही हसू येत नव्हतं. नवरा म्हणाला, सात वाचक मिळाले की. मी त्याला मायक्रोवेव्हकडे बोट करून दाखवलं.

सही मी केली. 'सस्नेह' लिहिलं. ते 'स' जरा खोल उमटलं, खालच्या पानापर्यंत.

दुसऱ्या भागाची पीडीएफ थेट पाठवा, म्हणजे पोराचा अभ्यास बुडणार नाही, असा काकाजींचा निरोप त्याच संध्याकाळी आला. मी उत्तर दिलं नाही. मनात म्हटलं, निदान मूळ पुस्तक तरी वाचा. किंडलच्या सदस्यत्वात पुस्तक दिलं की ९० दिवसांच्या मुदतीत पाच दिवस ते फुकट ठेवता येतं. ते पाच दिवस मी लावून टाकले आणि बागेच्या ग्रुपवर लिंक पाठवली. खरी वेलांटी, खरा 'दुसऱ्या', खरी सव्विसाव्या प्रकरणातली तीन पानं. बघा म्हटलं.

मुख्याध्यापिका बाईंनी मनावर घेतलं. सुनेकडून डाउनलोड करून घेतलं, रात्रभर वाचलं, आणि आज सकाळी माझ्या पुस्तकावर पहिला जाहीर अभिप्राय आला. दोन तारे.

'लेखिकेची झेप चांगली. मात्र या आवृत्तीत आईचे सर्व संवाद गाळले आहेत व ऑक्सिजनचे आकडेही काढून टाकले आहेत, त्यामुळे कथेतला जीवच गेला. मध्येच तीन पाने गणित घातले आहे, ते का ते समजले नाही. वाचकांनी छापील प्रतच मिळवावी. झेरॉक्सवाल्याकडे फाइल सेव्ह आहे.'