खुलासा : नाना शंकरशेठ मुंबईचे महापौर नव्हते

31 जुलैला, नानांच्या पुण्यतिथीला, एक मजकूर फिरतो : ‘मुंबईचे पहिले महापौर नाना शंकरशेठ यांनी स्वतःच्या पैशाने रेल्वे आणली आणि व्हीटी स्टेशन बांधले.’ यातले नाव तेवढे बरोबर आहे.

नाना 1865 मध्ये वारले. महानगरपालिका स्थापन झाली ती 1872 च्या कायद्याने, आणि तिच्या अध्यक्षाला महापौर म्हणू लागले थेट 1931 मध्ये. व्हीटीचे (आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे) बांधकामच 1878 मध्ये सुरू झाले. त्यामुळे तोही दावा तिथेच निकालात निघतो.

रेल्वेचे जरा नीट सांगायला हवे. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) ही रेल्वे कंपनी 1849 मध्ये ब्रिटिश संसदेच्या कायद्याने उभी राहिली. भांडवल बहुतांशी विलायतेतल्या भागधारकांचे होते आणि ईस्ट इंडिया कंपनीने त्यावर 5 टक्के परताव्याची हमी दिली होती. नाना आणि जमशेटजी जीजीभॉय हे तिचे सुरुवातीचे भारतीय संचालक. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर–ठाणे गाडी सुटली, त्यामागे नानांचा पुढाकार नक्कीच होता. खिसा मात्र त्यांचा एकट्याचा नव्हता.

महापौरपद चिकटवण्याची गरजच काय? 1852 च्या बॉम्बे असोसिएशन या राजकीय संस्थेच्या स्थापनेत ते अग्रभागी होते. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला मिळणारी ‘शंकरशेठ’ शिष्यवृत्तीही त्यांच्याच नावाची. मजकुरात हे दोन्ही नाही.