सुरुवात १९८६ ची नव्हे

‘रॅप आणि रॉक पहिल्यांदा एकत्र आले ते १९८६ मध्ये, रन-डीएमसी हा रॅप गट आणि एरोस्मिथ हा रॉक बँड यांच्या “वॉक धिस वे” या गाण्यामुळे’ हे रॅप आणि रॉकवरच्या तुमच्या लेखातलं विधान चुकीचं आहे. खुद्द रन-डीएमसीनंच दोन वर्षं आधी ‘रॉक बॉक्स’ केलं होतं, एडी मार्टिनेझची कडाडती गिटार घेऊन. १९८५ च्या त्यांच्या अल्बमचं नावच ‘किंग ऑफ रॉक’! शिवाय एरोस्मिथच्या १९७५ च्या मूळ गाण्यातला सुरुवातीचा ड्रमचा तुकडा न्यूयॉर्कचे डीजे तबकड्यांवर पुन्हा पुन्हा फिरवायचे आणि त्यावर पोरं रॅप करायची. पुढचे शब्द ऐकायची वेळच यायची नाही. निर्माता रिक रुबिननं रन-डीएमसीला ते अख्खं गाणं करायला लावलं, हे श्रेय त्याचं नक्कीच. पण रॉक रॅपच्या अंगणात आधीच खेळत होतं.

आणि रॅप-रॉक वाजवणाऱ्या रेज अगेन्स्ट द मशीन या बँडला एका ओळीत उरकलंत, त्याचं जास्त वाईट वाटलं. त्यांचा १९९२ चा पहिला अल्बम हॉस्टेलवर ऐकताना यात डीजे आहेच, अशी मी मित्राशी पैज लावली होती. हरलो. अल्बमसोबतच्या माहितीत स्पष्ट छापलंय की सॅम्पल (दुसऱ्या रेकॉर्डिंगमधून उचललेले तुकडे), कीबोर्ड, सिंथेसायझर काहीही वापरलेलं नाही. बँडचा गिटारवादक टॉम मोरेलो गिटारचा पिकअप स्विच (तारांचा आवाज टिपणाऱ्या भागाचं बटण) खटाखट चालू-बंद करून आणि तारांवर हात घासून डीजे तबकडी हातानं मागेपुढे घासतात त्या स्क्रॅचिंगसारखे आवाज काढतो. डीजेचं काम गिटारनं शिकून घेतलं, यावर स्वतंत्र परिच्छेद हवाच होता.