चेटकिणीच्या पाठीवरची चेन

हॅलोविनला घाबरायचं ते चेटकिणीला नाही, तिच्या पाठीवरच्या चेनला. हॅलोविन म्हणजे ३१ ऑक्टोबर: मुलं सोंगं घेऊन शाळेत परेड काढतात आणि संध्याकाळी दारोदार खाऊ मागत फिरतात. अमेरिकेत किंडरगार्टनला शिकवणाऱ्या कुठल्याही बाईंना विचारा. पाच वर्षांची २२ मुलं, वर्गाला लागून एकच टॉयलेट आणि मानेपासून घोट्यापर्यंत अखंड शिवलेले पोशाख. शिवणाऱ्यांनी बहुधा धरून चाललेलं असतं की भुतांना शू लागत नाही.

हिशेब मांडून बघा. एक पोशाख चढवायला दोन मिनिटं, म्हणजे एकट्या बाईंना ४४. शेवटच्या परीचे पंख लागेपर्यंत पहिल्या वाघाची चुळबुळ सुरू झालेली असते. म्हणून मी मदतीला दोन पालक बोलावून ठेवते, आणि पोशाखाला हात लावण्याआधी सगळ्यांना, लागो न लागो, आत पाठवते. 'मला नाही आलेली' ही सबब ऐकायची नाही. चेन अडकली तर जोर लावू नये; बहुतेक वेळा आतलं अस्तर दातांत सापडलेलं असतं. चेन थोडी मागे घ्यायची, कापड आडवं ओढून सोडवायचं आणि दातांवर पेन्सिलचं शिसं घासायचं. वर्गात पेन्सिली भरपूर असतात, टोक असलेली मिळाली तर नशीब.

सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे हवेनं फुगणारा डायनासोर. त्याच्या कमरेला छोटा पंखा असतो, चार पेन्सिल सेलवर चालणारा. शिवणींतून हवा सतत गळत असते, म्हणून पंखा सतत चालू लागतो. मनगटाचं आणि घोट्याचं इलॅस्टिक सैल असलं की डायनासोर उभ्या उभ्या आजारी दिसायला लागतो. फुगलेला डायनासोर टॉयलेटच्या दारातून जात नाही, खुर्चीत बसत नाही, आणि पंख्याच्या घरघरीत त्याला बाईंचं ऐकूही येत नाही (हे निमित्त काही जणांना पंखा बंद असतानाही पुरतं). त्याला सगळ्यांत शेवटी फुगवावं, आणि परेडमध्येही शेवटीच ठेवावं. शेपटीवाले सगळेच मागे. मधे घातले की मागचा पाय देतो, पुढचा थांबतो, आणि मैदानाकडेनं मोबाईल सरसावून उभ्या असलेल्या पालकांसमोर अख्खी रांग बसते.

शाळेचे नियम वेगळेच. बहुतेक ठिकाणी मुखवटा नको, तलवार-बंदूक नको, रक्त नको, लहानांना भीती वाटेल असं तर काहीच नको. त्यामुळे रिकाम्या हातांचे समुद्री चाचे आणि हसतमुख सांगाडे फिरत असतात. मुखवट्याची बंदी मात्र मला शंभर टक्के पटते: बाजूचं दिसत नाही, आतून श्वासानं ओलं होतं, दहा मिनिटांत तो डोक्यावर सरकतो. काही घरांत धार्मिक कारणानं हा सण चालत नाही, म्हणून कित्येक शाळा याला नुसता 'फॉल फेस्टिव्हल', म्हणजे शरद ऋतूचा उत्सव, म्हणतात. भोपळे तेच.

भोपळ्याचा कार्यक्रम सकाळीच, साध्या कपड्यांत उरकावा. आधी अंदाज: बुडेल की तरंगेल? मुलं एकमुखानं 'बुडेल' म्हणतात. आत पोकळ असल्यामुळे तो तरंगतो आणि वर्गात एकच कल्ला होतो. टब अर्धाच भरावा. चार किलोचा भोपळा तरंगताना चार लिटर पाणी बाजूला सारतो, आणि काठोकाठ भरलेल्या टबातलं ते चार लिटर गालिच्यावर येतं. भोपळा बाईंनीच कापायचा. गर काढायला मात्र मुलांचे हात लागतात, आणि निम्मी मुलं त्या बुळबुळीत तंतूंना बोट लावायला तयार नसतात. उरलेली निम्मी थांबायला तयार नसतात. बिया पाण्यात टाकल्या की तंतूंपासून चटकन सुटतात आणि वर येतात. मग दहा-दहाच्या ढिगांत मोजणी. बिया पेपर टॉवेलवर वाळत घालू नयेत, चिकटून बसतात.

खाऊचं प्रकरण आणखी नाजूक. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेलं एखादं मूल वर्गात असतंच, म्हणून दुकानातलं सीलबंद आणि घटक छापलेलं पाकीटच चालतं. घराबाहेर निळसर-हिरवा भोपळा ठेवून 'इथे खाऊशिवायही काही मिळेल' असं सुचवायची पद्धत २०१४ पासून देशभर पसरली, ती याच अ‍ॅलर्जीपायी. वर्गातही स्टिकर आणि खोडरबर बरे. २०२४ मध्ये इकडच्या बऱ्याच मराठी घरांत लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरलाच आलं. पण घरचा चिवडा शाळेत नेणार कसा? शेंगदाणे तर त्याचा जीव.

दुसऱ्या दिवशी मुलं पेंगुळतात, रडतात, टेबलाखाली जाऊन बसतात. पालक साखरेला दोष देतात. १९९५ साली अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा साखरेनं मुलं उधळतात याला आधार सापडला नाही. मला विचाराल तर दोष रात्री उशिरापर्यंत दारोदार फिरण्याचा. आणि हे जेमतेम निवळतंय तोवर नोव्हेंबरचा पहिला रविवार येतो, उन्हाळ्यासाठी पुढे केलेली घड्याळं तासभर मागे जातात, आणि सोमवारी अकराचा डबा मुलांना दहालाच हवा असतो.